गुरुजींचा भोंगा आणि आमचा कुर्मा

एका माणसाच्या खिचडीला पाणी किती, हे मला आजही सांगता येत नाही. शाळाभर लेकरांची विचारा, डोळे मिटून सांगते. मोठा गंज चुलीवर चढवायचा, तेलात मोहरी तडतडली की हळद-तिखट, मग धुतलेले डाळ-तांदूळ, आणि पाणी गंजाच्या कडीपर्यंत. पण एका माणसाची खिचडी त्या गंजाच्या तळाला सापडणारसुद्धा नाही. कोरोनाच्या पावसाळ्यात आमचे गुरुजी शाळेच्या खोलीत एकटे राहिले आणि फोनवर मला विचारू लागले, "मैनाबाई, पाणी किती?" तेव्हा इतक्या वर्षांच्या कामात मी पहिल्यांदा अडले.

तशी मी गप्पच असते. चौथी शिकले, मग लग्न झालं, आणि पुढे गावच्या शाळेत खिचडी शिजवायला लागले. बोलायचं म्हटलं की माझा आवाज पदरातच अडकतो. शाळेतल्या मॅडमनी वही दिली आणि म्हणाल्या, "बोलत नाही तर लिहा." म्हणून लिहिते. माझ्या नातीला, सोनीला विचारून लिहिते, कारण यात तिची गोष्ट आहे. ती म्हणाली, "लिही, पण भोंग्यावर वाचू नको."

शाळेत असा नियम आहे की लेकरांच्या ताटात खिचडी पडायच्या आधी मास्तरांनी ती खाऊन पाहायची. गुरुजी रोज एक चमचा घ्यायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "मीठ थोडं कमी आहे." मी दुसऱ्या दिवशी चिमूटभर वाढवायची. "मीठ थोडं कमी आहे." एकदा मी मीठ घालायलाच विसरले. तेव्हाही ते म्हणाले, "मीठ थोडं कमी आहे." त्या दिवसापासून मी त्यांचं ऐकून घेते आणि माझ्या हाताने टाकते.

माणूस चांगला. चिमूरकडचा, बायको-लेकरं आणि म्हातारी आई तालुक्याला, हा रोज मोटरसायकलवर येणार. पण नियम म्हटला की त्यांना आनंद व्हायचा. कोरोना आला आणि वरून रोज नवे नियम यायला लागले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी जे तेज पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. लेकरं घरी होती, खिचडी बंद होती. तांदूळ आणि डाळ मोजून आईबापांच्या पिशवीत टाकायची, एवढंच माझं काम. गुरुजींनी पटांगणात चुन्याचे गोल काढले, लोकांनी त्यात उभं राहावं म्हणून. लोक उभे राहिले पिंपळाखाली सावलीत, आणि गोलांत बसल्या बकऱ्या. मग त्यांनी प्रार्थनेचा भोंगा शाळेच्या छपरावर चढवला. सकाळ-संध्याकाळ गावभर आवाज जायचा, "हात धुवा. तोंड झाका. घरातच राहा." शेवटचं ते दोनदा म्हणायचे.

शाळेत आम्ही तिघंच. गुरुजी, मॅडम आणि मी. मॅडम मूलच्या, नव्यानेच नोकरीला लागलेल्या, गावात खोली करून राहायच्या. त्यांच्या घरी आजोबांच्या वेळेपासून दीक्षा घेतलेली. विटाळ हा शब्द त्यांच्या घरात कोणी बोलत नाही. एका सकाळी गुरुजींनी आम्हाला व्हरांड्यात तीन गोलांत उभं केलं आणि शाळेत काम करणाऱ्यांचे नियम वाचून दाखवले.

"ताप आला, खोकला आला तर घरी राहायचं. आपल्यातल्या कोणाला झाला, तर त्याच्यासोबत बसणाऱ्यांनी पण राहायचं. खोली वेगळी. ताट, तांब्या वेगळा. कोणाला शिवायचं नाही. जेवण कोणीतरी दाराबाहेर आणून ठेवेल. दिवस पुरे झाले की आंघोळ करून, कपडे, अंथरूण सगळं धुऊनच घरात यायचं."

मला हसू आलं. मी पदर तोंडावर घेतला, पण मास्क आणि पदर दोन्ही हलायला लागले.

"हसता काऊन मैनाबाई?"

"काई नाई जी."

नंतर डाळ मोजताना मॅडमनी पुन्हा विचारलं. मी हळूच सांगितलं, "मॅडम, हे आमाले पाठ आहे. दर महिन्याले केलं."

आमच्या गोंडांच्या गावात कुर्मा असतो. बाईची पाळी आली की तिने घरात राहायचं नाही, गावाच्या कडेला एक झोपडी असते, तिथे जायचं. तिलाच कुर्मा म्हणतात. ताट वेगळं, तांब्या वेगळा. घरचं कोणीतरी भाकर-भाजी दूर ठेवून जातं. पाच दिवसांनी नदीवर आंघोळ, अंथरूण धुवायचं, मग घर. गुरुजींच्या नियमांत आणि आमच्या नियमांत फरक एवढाच की त्यांचे साबणाने होते.

खोटं कशाला सांगू, कुर्म्यात मला सुखही मिळालं आहे. तिथे चूल नाही, सासू नाही, नवरा नाही. दोघी-तिघी एकदम असलो तर हसून हसून पोट दुखायचं. गावातला असा कोणी पुरुष नाही ज्याची नक्कल आम्ही तिथे केली नाही. पण छप्पर गळायचं, दाराला कडी नव्हती, आणि पावसाळ्यात जमिनीतून काय वर येईल ते सांगता यायचं नाही. माझी मोठी जाऊ तिथेच गेली. मण्यार चावली. ती माझ्या आधी दोन दिवस कुर्म्यात बसली होती. माझी पाळी दोन दिवस आधी आली असती तर आम्ही दोघी असतो. तिच्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही.

म्हणून माझी पाळी कायमची थांबली, तेव्हा मी आमच्या पेनाला, म्हणजे देवाला, कोंबडी दिली होती. सुटले म्हणून.

आणि मग गुरुजींना कोरोना झाला.

तालुक्याहून दवाखान्याची गाडी आली, आमच्या तिघांच्या नाकात काड्या घातल्या. गुरुजींचा निघाला, आमचा नाही निघाला. पण त्यांच्यासोबत बसलेल्या आम्हीच दोघी. गुरुजी घरी गेले नाहीत, आईला होईल म्हणून. शाळेच्या पाचवीच्या वर्गात खाट टाकून राहिले. आणि दाराच्या फटीतून आम्हाला सांगितलं, "नियम तुम्हाला माहीत आहे. आजपासून दोघी वेगळ्या."

माझं घर एका खोलीचं. सासू, मुलगा, सून लता, नात सोनी, आणि धान साठवायची ढोली. मी अंगणात उभी राहिले आणि सांगितलं की मला वेगळं राहायचं आहे. सासूने पानाची पिंक टाकली.

"जा मग कुर्म्यात."

"मले? मले आता काऊन जी?"

"विटाळ नाई तं कोरोना. झोपडी तेच."

अशी मी पुन्हा कुर्म्यात गेले. माझी कोंबडी फुकट गेली.

संध्याकाळी पाहते तर मॅडम चिखलातून बॅग घेऊन येत आहेत. घरमालकाने दारातूनच सांगितलं होतं की आमच्याकडे लहान लेकरं आहेत. मॅडम कुर्म्याच्या बाहेर थांबल्या आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या.

"इथे तुम्ही दर महिन्याला राहायच्या?"

"हो जी. या आत. ओलं तिकडं आहे, इकडं कोरडं आहे."

त्यांनी फोन लावून गुरुजींना कळवलं. गुरुजींचा आवाज मलाही ऐकू आला. "दोघी एका खोलीत? हे नियमात बसत नाही!"

"मग दुसरी खोली पाठवता का सर?" मॅडम म्हणाल्या.

शेवटी लताकडून बांबूचा तट्ट्या मागवला आणि मधोमध उभा केला. गुरुजींनी विचार केला आणि म्हणाले, "तट्ट्याला भिंत धरू." त्यांचं समाधान झालं. आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी गप्पा मारायला लागलो.

त्यानंतर गुरुजींचे फोन सुरू झाले. त्यांच्या खोलीत शाळेचे तांदूळ होते, डाळ होती, तिखट-मीठ होतं, आणि चूल होती माझी. नव्हतं ते करता येणं. "मैनाबाई, तेल कधी टाकू? मैनाबाई, हळद फसफसून राह्यली. मैनाबाई, पाणी किती?" मी म्हटलं, "जी, मले एका माणसाचं येत नाई. लेकरं किती आहेत ते सांगा." ते म्हणाले, "एकच लेकरू आहे, आणि त्याला भूक लागली आहे."

पहिल्या दिवशी ती जळाली. दुसऱ्या दिवशी तिची आंबील झाली. तिसऱ्या दिवशी जमली म्हणाले. तट्ट्याच्या पलीकडून मॅडम कुजबुजल्या, "विचारा, मीठ कसं आहे."

मी कशाला विचारते. पण त्यांनी ऐकलं असावं. म्हणाले, "मीठ सांगता येत नाही बाई. मला चवच लागून नाही राह्यली." आणि मग ते इतका वेळ खोकत राहिले की आमचं दोघींचं हसू थांबलं. त्यानंतर रोज फोन वाजला की मी आधी श्वास ऐकायची, मग शब्द.

एवढ्यातही सकाळ-संध्याकाळचा भोंगा त्यांनी सोडला नाही. मधेच खोकायचे, पण "घरातच राहा" दोनदा म्हणायचेच. गावाला कळायचं, गुरुजी अजून आहेत.

मग तो दिवस आला. दुपारपासून पाऊस लागून होता. मी दारात बसून मॅडमचं पातेलं घासत होते, तर पांदीच्या वाटेने लता येताना दिसली. तिच्या मागे सोनी. सोनीच्या काखेत गोधडी आणि हातात ताट-तांब्या. मला वाटलं, माझं जेवण आणलं. मग मी सोनीचं तोंड पाहिलं आणि कळलं.

सोनी तेव्हा सातवीत होती. पहिलीच वेळ.

"थांब तिथीच," मी ओरडले. "पुढं नको येऊ, लता. आमी वेगळ्या बसून आहो."

"मले माहीत आहे, आत्याबाई. पण म्हातारी आजी म्हणते, पोट्टीले घरात ठेवू नको."

"मग कुठी ठेवणार? इथी तं येता येत नाई."

"आजी म्हणते, कुर्मा खाली नाई तं शेतातल्या मांडवात झोपन." लता रडायला आली होती. "मी जातो म्हटलं तिच्यासंगं, तं नाई म्हणते. घरचं कोण पाहीन?"

शेतातला मांडव म्हणजे डुकरं हाकलायला चार खांबांवर टाकलेलं गवत. खाली धानाची बांधी, बांधीत पाणी, आणि पाण्यातून वर येणारं सगळं. सोनी आईच्या मागे उभी होती. तिच्या वेणीतून पाणी गळत होतं. रडत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, जशी शाळेत खिचडीच्या रांगेत पाहते, की आजी आता मला जास्त वाढेल.

मला उठून तिला जवळ घ्यायचं होतं. तेही नियमात नव्हतं. माझ्या नियमात नाही, सासूच्या नियमात नाही, आणि गुरुजींच्या तर नाहीच.

मॅडम तट्ट्या सारून पुढे आल्या. "मी बोलते तुमच्या सासूशी. हे काय चाललंय?"

"तुमचं नाई ऐकणार मॅडम. बाहेरची म्हणीन." मग मी म्हटलं, "फोन लावा."

"कुणाला?"

"गुरुजीले."

फोन हातात घेतला आणि पदर तोंडावर ओढला. एका पुरुषाला, तेही गुरुजींना, हे कसं सांगायचं? पलीकडून ते म्हणाले, "बोला मैनाबाई. आज भाजी पण टाकली आहे मी."

"जी, भोंग्यावर एक सांगता का?"

"काय?"

"का कुर्मा बंद आहे. तिथी कोणालेच यायचं नाई."

"तुम्ही दोघी आहात तर बंदच आहे. सांगतो."

"आन... गोठ्यात, मांडवात, शेतात कोणी झोपायचं नाई. पोरीबाईनं. घरातच झोपायचं."

"मांडवात? आता पावसात मांडवात कोण झोपून राह्यलं?"

लता आणि सोनी पावसात उभ्या होत्या. पाऊस फोनमध्येही ऐकू जात असेल.

"असा नियम आहे ना जी?" मी म्हटलं. "घरातच राहायचा?"

मला वाटलं फोन कटला. मग ते म्हणाले, "आहे. पहिलाच नियम तो आहे." आणि त्यांनी फोन ठेवला. काही विचारलं नाही. माझ्यावर त्यांनी खूप उपकार केले असतील, पण न विचारण्याएवढा मोठा कोणता नाही.

थोड्या वेळाने भोंगा खरखरला. ही त्यांची वेळ नव्हती.

"सर्व ग्रामस्थांना सूचना. गावातला कुर्मा बंद करण्यात आला आहे. तिथे कोणीही जाऊ नये. गोठ्यात, मांडवात, शेतात, परसात कोणीही झोपू नये. लहान मुलींनी तर नाहीच. सर्वांनी घरातच राहावं." ते खोकले. आम्ही थांबलो. "घरातच."

लता आणि सोनी अजून तिथेच होत्या, तेवढ्यात पांदीतून सासू आली. कमरेतून वाकलेली, डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ. माझ्यासाठी कधी इतक्या दूर आली नव्हती.

"कोण बोलाले लावलं त्याले?"

"गुरुजीचा नियम आहे, आत्याबाई."

"त्याचा नियम त्याच्या शाळेत. पोट्टीचं सरकारले काय माहीत?"

मी लग्न होऊन आले तेव्हापासून सासूसमोर खाली पाहूनच बोलले. त्या दिवशीही खालीच पाहिलं. पण बोलले.

"सरकारले नाई माहीत. पण तुमाले तं माहीत आहे, मोठीचं काय झालं ते."

पोत्यावर पाऊस वाजत होता. मोठीचं नाव त्या झोपडीसमोर इतक्या वर्षांत कोणी घेतलं नव्हतं. मला वाटलं, आता ही मला घरात परत घेणार नाही. कोरोनाचे दिवस संपले तरी मी इथेच.

"पेन कोपला तं?" ती म्हणाली. आवाज आधीचा नव्हता.

"तं माझ्यावर कोपू द्या. मी इथीच बसली आहो."

तिने सोनीकडे पाहिलं. पोरगी थंडीने कापत होती.

"किती दिवस बंद आहे म्हणते तो?"

"गुरुजी भोंग्यावर सांगतीन तवा उघडन."

सासूने डोक्यावरची खोळ काढली आणि सोनीच्या दिशेने फेकली. हातात दिली नाही. पण फेकली तिच्याकडेच. "चाल," म्हणाली. "ढोलीच्या मागं बस. चुलीकडं आलीस तं पाय तोडन."

लताने नंतर सांगितलं की ढोलीच्या मागे तट्ट्या लावून सोनीला ठेवलं. आमच्यासारखाच तट्ट्या. आमच्यासारखंच ताट वेगळं. मॅडमना राग आला, त्या म्हणाल्या, "हे काय बदललं?" मी म्हटलं, "मॅडम, वर छप्पर आहे आन बाजूले माय आहे." त्या तरुण आहेत. त्यांना सगळं एकदम पाहिजे. तसं पाहिजेच.

आमचे दिवस भरले. आम्ही आंघोळ केली, अंथरूण धुतलं, घरी गेलो. गुरुजी बरे झाले, गळपटले होते फक्त. शाळेत पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्या दुपारचं ते एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही. पण भोंग्यावरून कुर्मा उघडल्याचंही त्यांनी सांगितलं नाही. बकऱ्यांचे चुन्याचे गोल पावसात वाहून गेले, मास्क गेले, हात धुणं गेलं, एकेक नियम उठला. हा एक राहिला.

दर महिन्याला सोनीची वेळ आली की सासू मला विचारायची, "गुरुजीनं उघडलं का?"

"नाई जी."

"हं." आणि तट्ट्या स्वतःच ओढून द्यायची.

गुरुजींची बदली झाली तेव्हा शाळेत निरोपाची खिचडी मी शिजवली. त्यांनी चमचाभर घेतली, डोळे बारीक केले. सगळे वाट पाहत होते. "बरोबर आहे," ते म्हणाले. मला भरून आलं. तेवढ्यात सासू काठी टेकत पुढे गेली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "गुरुजी, तुमी तं चालले. कुर्मा कवा उघडता?"

गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गंजात पाहिलं.

"आजी," ते म्हणाले, "वरून अजून आदेश आला नाही."

सगळ्या गावाचं सुटलं असं मी लिहिणार नाही. दोन-चार घरांनी आपापल्या परसात खोप्या केल्या आहेत. तिथे दारं तरी आहेत. मला कधी कधी कुर्म्यातलं हसणं आठवतं, आणि आता आम्ही बाया कुठे बसून हसणार असं वाटतं. ढोलीच्या मागे एकटीने हसता येत नाही. सोनी मात्र तिथे बसून अभ्यास करते. आता ती मोठ्या शाळेत जाते, आणि त्या पाच दिवसांतही जाते. सासूला ते दिसत नाही, कारण त्या वेळी ती नेमकी पान खायला शेजारी गेलेली असते.

यंदा पावसाच्या आधी मी सरपण घेऊन कुर्म्याच्या बाजूने येत होते. पाहते तर छपराचा एक कोपरा उघडा. कवेलू, म्हणजे कौलं, कोणी चोरले म्हणून घरी येऊन सांगितलं. लता हसली आणि वर बोट दाखवलं. ढोलीच्या मागे सोनी झोपते तिथे घर गळत होतं. तेवढ्या जागेवर काळे, शेवाळ आलेले जुने कवेलू बसले होते.

सासू उंबऱ्यात सुपारी कातरत बसली होती.

"आत्याबाई, हे कुर्म्याचे ना जी? आन उद्या आदेश आला तं?"

"येऊ दे," ती म्हणाली, मान वर न करता. "छप्परच नाई तं उघडतीन काय?"